सानियाची रॅकेट आणि बार्शीटाकळीचे मैदान

खेळाच्या मैदानावर जात नसते, धर्म नसतो, तिथे फक्त गुणवत्ता असते, असे आपल्याला शाळेपासून शिकवले जाते. हे वाक्य ऐकायला गोड आहे. मात्र ज्यांना मैदानात पाऊलच ठेवू दिले गेले नाही, त्यांना या वाक्याचा उपयोग काय? गुणवत्तेची चर्चा मैदानात उतरल्यानंतर सुरू होते. मैदानात कोण उतरणार, याचा निकाल मात्र सामना सुरू होण्याच्या कितीतरी आधी लागलेला असतो. तो निकाल कोण लावतो, कसा लावतो, हे तपासायचे असेल तर या देशातल्या सर्वात यशस्वी महिला टेनिसपटूची कारकीर्द फुले-शाहू-आंबेडकरी विचारांच्या वाचकांनी एकदा नीट वाचली पाहिजे. ती खेळाडू म्हणजे सानिया मिर्झा.

फेब्रुवारी २०२३ मध्ये दुबईच्या स्पर्धेत सानिया शेवटचा व्यावसायिक सामना खेळली. पहिल्याच फेरीत हरली आणि रॅकेट खाली ठेवली. ५ मार्च २०२३ रोजी हैदराबादच्या लालबहादूर स्टेडियमवर निरोपाचे प्रदर्शनीय सामने झाले. प्रस्थापित वृत्तपत्रांनी चार दिवस रकाने भरले, तिच्या साड्यांचे आणि संसाराचे फोटो छापले आणि विषय मिटवला. आपल्याकडेही कोणी अभिमानाने मान डोलावली, कोणी 'श्रीमंतांचा खेळ, आपला काय संबंध' म्हणून पान उलटले. या दोन्ही प्रतिक्रिया अपुऱ्या आहेत. सानियाच्या कारकिर्दीत बार्शीटाकळीसारख्या तालुक्याच्या गावातल्या मुलीसाठी फार मोठा धडा आहे. पण तो 'स्वप्न पाहा, जिद्द ठेवा, यश मिळते' असा पोपटपंची धडा नाही.

कारकीर्द काय सांगते?

आधी वस्तुस्थिती पाहू. सानियाचा जन्म १५ नोव्हेंबर १९८६ रोजी मुंबईत झाला. म्हणजे जन्माने ती महाराष्ट्राची. लवकरच कुटुंब हैदराबादला गेले आणि ती हैदराबादची झाली. वडील इम्रान मिर्झा क्रीडा पत्रकार होते, पुढे व्यवसायात उतरले. नात्यात भारताचे कसोटी कर्णधार राहिलेले गुलाम अहमद. सहाव्या वर्षी मुलीच्या हातात रॅकेट आली. सुरुवातीची कोर्टे कशी होती? तिनेच अनेकदा सांगितले आहे, की ती शेणाने सारवलेल्या कोर्टावर खेळायला शिकली. ज्या वऱ्हाडात आजही अंगण शेणाने सारवले जाते, तिथल्या वाचकाला हे चित्र वेगळे समजावून सांगायला नको.

२००३ मध्ये विम्बल्डनच्या मुलींच्या दुहेरीत रशियाच्या अलिसा क्लेबानोव्हाबरोबर तिने विजेतेपद मिळवले. जानेवारी २००५ मध्ये ऑस्ट्रेलियन ओपनच्या तिसऱ्या फेरीत ती सेरेना विल्यम्ससमोर उभी राहिली. फेब्रुवारी २००५ मध्ये हैदराबादची स्पर्धा जिंकून व्यावसायिक महिला टेनिसचे एकेरीतले जेतेपद मिळवणारी ती पहिली भारतीय स्त्री ठरली. त्याच वर्षी अमेरिकन ओपनमध्ये ती चौथ्या फेरीपर्यंत गेली. ऑगस्ट २००७ मध्ये एकेरीच्या जागतिक क्रमवारीत ती २७ व्या स्थानी पोहोचली. आजवर एकही भारतीय स्त्री त्याच्या वर गेलेली नाही.

नंतर मनगटाने दगा दिला. शस्त्रक्रिया झाली. २०१३ मध्ये तिने एकेरी सोडली आणि दुहेरीवर सगळी ताकद लावली. 'दुहेरी म्हणजे दुय्यम' असे नाक मुरडणाऱ्यांना तिने निकालांनी उत्तर दिले. २००९ चे ऑस्ट्रेलियन आणि २०१२ चे फ्रेंच मिश्र दुहेरी महेश भूपतीबरोबर, २०१४ चे अमेरिकन मिश्र दुहेरी ब्राझीलच्या ब्रुनो सोआरेसबरोबर. २०१५ चे विम्बल्डन, २०१५ चे अमेरिकन ओपन आणि २०१६ चे ऑस्ट्रेलियन ओपन ही महिला दुहेरीची विजेतेपदे स्वित्झर्लंडच्या मार्टिना हिंगीसबरोबर. एकूण सहा ग्रँड स्लॅम. या जोडीने ओळीने ४१ सामने जिंकले. एप्रिल २०१५ मध्ये सानिया महिला दुहेरीत जगात पहिली झाली आणि एकूण ९१ आठवडे त्या स्थानावर राहिली. दुहेरीची ४३ जेतेपदे तिच्या नावावर आहेत. ऑक्टोबर २०१८ मध्ये ती आई झाली आणि जानेवारी २०२० मध्ये परत येऊन पहिल्याच स्पर्धेत, होबार्टला, दुहेरीचे जेतेपद घेऊन गेली.

हा झाला एका बाजूचा हिशेब. आता दुसऱ्या बाजूचा पाहू.

विजेतीचा स्कर्ट, विजेतीची देशभक्ती

२००५ साली वयाच्या अठराव्या वर्षी ही मुलगी जगातल्या मोठ्या खेळाडूंना हरवत होती, तेव्हा या देशात चर्चा कशाची चालू होती? तिच्या फोरहँडची नव्हे, तिच्या स्कर्टच्या लांबीची. एका मौलवीने तिच्या पोशाखाविरुद्ध फतवा काढला. त्याच महिन्यात कोलकात्याच्या स्पर्धेत तिला पोलिसांच्या कड्यात खेळावे लागले. काही आठवड्यांनी लैंगिक आरोग्याबद्दलच्या एका वक्तव्यावरून तिचे पुतळे जाळले गेले.

हे झाले स्वतःला तिच्या धर्माचे ठेकेदार म्हणवणाऱ्यांचे. मग राष्ट्राचे ठेकेदार मागे कसे राहतील? २००८ च्या सुरुवातीला ऑस्ट्रेलियात सामना पाहताना तिचे पाय आणि तिरंगा एका फोटोत आले, तेवढ्यावरून तिच्यावर राष्ट्रध्वजाच्या अपमानाची तक्रार झाली. मन इतके विटले की त्या वर्षी तिने बंगळुरूच्या स्पर्धेत, आपल्याच देशात, खेळायचे नाही असे ठरवले. २०१० मध्ये तिने पाकिस्तानी क्रिकेटपटूशी लग्न केले आणि तिचे नागरिकत्व जणू चव्हाट्यावर आले. जुलै २०१४ मध्ये तेलंगण सरकारने तिला राज्याची सदिच्छा दूत नेमले, तेव्हा भाजपच्या तिथल्या एका नेत्याने तिला 'पाकिस्तानची सून' म्हटले. आपण भारतीय आहोत आणि अखेरपर्यंत भारतीयच राहू, हे तिला जाहीरपणे सांगावे लागले. त्याच वर्षी तिने देशाला ग्रँड स्लॅम दिले, आशियाई स्पर्धेत पदके दिली. पण सुनेचा हिशेब पदकांनी मिटत नसतो.

वाचकहो, एक गोष्ट ध्यानात घ्या. मौलवी आणि राष्ट्रवादी हे दोघे एकमेकांचे शत्रू म्हणवतात. पण या मुलीच्या बाबतीत दोघांचे एकमत होते. स्त्रीचे शरीर आणि स्त्रीचे लग्न ही तिची स्वतःची बाब नसून समाजाची मालमत्ता आहे, हे ते एकमत. बाबासाहेबांनी १९१६ सालच्या जातीवरील निबंधात दाखवून दिले होते, की जात टिकते ती स्त्रीच्या लग्नावर पहारा ठेवून. शंभर वर्षांनी एका टेनिसपटूच्या लग्नावर तोच पहारा उभा होता. फक्त पहारेकऱ्यांचे कपडे बदलले होते.

सुशिक्षित पुरुषही यात मागे नाहीत. २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकच्या आधी पुरुष खेळाडूंमध्ये कोण कोणाबरोबर खेळणार यावरून भांडण लागले. टेनिस संघटनेने एका ज्येष्ठ खेळाडूची नाराजी दूर करण्यासाठी सानियाला मिश्र दुहेरीत त्याच्या जोडीला दिले. कोणाबरोबर खेळायला आवडेल, हे तिला कोणी विचारले नाही. एकविसाव्या शतकातल्या भारतीय स्त्रीला आमिष म्हणून वापरले गेले, असे तिने जाहीर पत्रकात सुनावले. २०१६ मध्ये एका नामवंत पत्रकाराने मुलाखतीत तिला विचारले, की आता 'सेटल' कधी होणार, आई कधी होणार? जगात पहिल्या क्रमांकावर असलेल्या स्त्रीला हा प्रश्न! तिने तिथेच उलट विचारले, की जगात पहिली असणे म्हणजे सेटल होणे नाही का? पत्रकाराला माफी मागावी लागली. ती माफी टाळ्या मिळवून गेली. पण हा प्रश्न गावोगावच्या मुलींना रोज विचारला जातो आणि तिथे माफी मागणारे कोणी नसते.

ती टिकली कशाच्या बळावर?

आता मुद्द्यावर येऊ. हे सगळे घाव सोसून सानिया वीस वर्षे टिकली कशी? जिद्दीने टिकली, यात शंका नाही. पण निव्वळ जिद्दीने टिकली असे म्हणणे म्हणजे अर्धसत्य आहे आणि अर्धसत्य नेहमी प्रस्थापितांच्या कामाला येते.

सानियाजवळ इंग्रजी शाळा होती. खेळाची भाषा जाणणारा बाप होता. नात्यात कसोटीपटू होते. कोर्ट शेणाचे असले तरी ते कोर्ट होते आणि त्यावर जायला तिला कोणी अडवले नव्हते. पुढे प्रायोजक मिळाले. 'मिर्झा' हे आडनाव मुस्लिम समाजातल्या उच्च मानल्या जाणाऱ्या अश्रफ थरातले आहे. मुस्लिमांमध्येही उच्च-नीच आहे, हे बाबासाहेबांनी पाकिस्तानवरील आपल्या ग्रंथात स्पष्ट लिहून ठेवले आहे. हे सांगण्यात सानियाला कमी लेखण्याचा हेतू नाही. तिला साधनेही होती आणि घावही बसले, साधने होती म्हणून ती घाव सोसून उभी राहिली. मग जिच्याजवळ साधने नाहीत आणि घाव मात्र दुप्पट आहेत, तिचे काय होते? ती पहिल्याच घावात घरी बसते. तिची कुठे बातमी होत नाही आणि तिच्या नावाची नोंदही राहत नाही.

टेनिस हा खेळ कसा चालतो, हे समजून घेतले म्हणजे ही गोष्ट अधिक स्पष्ट होईल. कबड्डीला मैदान आणि चुन्याच्या रेषा पुरतात. टेनिसला आखलेले कोर्ट लागते, जाळी लागते, रॅकेट लागते, वारंवार नवी तार आणि नवे चेंडू लागतात. त्याहून मोठा खर्च प्रवासाचा. जागतिक क्रमवारी गुणांवर ठरते. हे गुण जगभर फिरून स्पर्धा खेळल्यावरच मिळतात आणि ५२ आठवड्यांनी गळून पडतात. म्हणजे थांबला तो संपला. सर्वात खालच्या पायरीवरच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेची एकूण बक्षीस रक्कम १५ हजार डॉलर असते आणि ती सगळ्या खेळाडूंत वाटली जाते. पहिल्या-दुसऱ्या फेरीत हरणाऱ्या मुलीचे विमानाचे भाडेही त्यातून निघत नाही. या पायरीवर दोन-तीन वर्षे पदरचे घालून तग धरावा लागतो. ज्याच्या घरी दोन वर्षांचे पदरचे आहे, तोच पुढे जातो. याला गुणवत्ता म्हणायचे की चाळणी?

भारतीय महिला टेनिसचा इतिहासही हेच सांगतो. १९३४ साली विम्बल्डनमध्ये सामना जिंकणारी पहिली भारतीय स्त्री लीला राव. संस्कृत कवयित्री पंडिता क्षमा राव यांची ती मुंबईकर कन्या. आई स्वतः टेनिस खेळणारी, आजोबा शंकर पांडुरंग पंडित संस्कृतचे गाढे विद्वान. लीला राव यांचे कर्तृत्व मोठेच होते. पण ज्या काळात आमच्या आया-बहिणींना सार्वजनिक विहिरीवर घागर टेकवू दिली जात नव्हती, त्या काळात कोणाच्या लेकी विम्बल्डनच्या गवतावर होत्या, हे पाहिल्याशिवाय इतिहास पुरा होत नाही. जिमखान्याच्या कोर्टावर रोलर फिरवणारे, पाणी मारणारे आणि चेंडू वेचून देणारे हात कोणाचे होते? पळवणकर बाळू हा महान गोलंदाज पुण्याच्या गोऱ्यांच्या जिमखान्यात मैदानावर राबता राबताच घडला. आणि हिंदूंच्या संघात घेतल्यावरही त्याला चहा वेगळ्या मातीच्या भांड्यात, पॅव्हेलियनच्या बाहेर दिला जात होता.

कापसाच्या शेतातून विम्बल्डनला

इथे जगातल्या दुसऱ्या एका स्त्रीची आठवण केली पाहिजे. तिचे नाव अल्थिया गिब्सन. ऑगस्ट १९२७ मध्ये अमेरिकेतल्या साऊथ कॅरोलिना राज्यात तिचा जन्म झाला. आई-बाप कृष्णवर्णीय, दुसऱ्याच्या शेतात बटाईने कापूस पिकवणारे. कापूस, बटाई आणि कर्ज म्हणजे काय, हे वऱ्हाडला विचारा! आणि वर्ष कोणते? १९२७. त्याच वर्षी मार्चमध्ये बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्याच वर्षी आपल्या अमरावतीत अंबादेवी मंदिराच्या प्रवेशासाठी अस्पृश्यांची चळवळ उभी राहिली.

अल्थियाचे कुटुंब पोट भरायला न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत आले. तिथे काही रस्ते मुलांच्या खेळासाठी वाहनांना बंद ठेवले जात. अशा एका रस्त्यावर ती लाकडी फळीने चेंडू मारायला शिकली. तिचे कसब पाहून वस्तीतल्या लोकांनी वर्गणी काढली आणि कृष्णवर्णीयांच्या टेनिस क्लबात तिचे सभासदत्व भरले. हे वाक्य पुन्हा वाचा. वस्तीने वर्गणी काढली. गोऱ्यांच्या राष्ट्रीय स्पर्धेचे दार मात्र तिला बंद होते. १९५० साली अॅलिस मार्बल या गोऱ्या माजी विजेतीने टेनिसच्या मासिकात जाहीर पत्र लिहून आपल्याच लोकांना लाज काढली, तेव्हा ते दार उघडले. १९५६ मध्ये फ्रेंच, १९५७ आणि १९५८ मध्ये विम्बल्डन आणि अमेरिकन, अशी विजेतेपदे तिने घेतली. ग्रँड स्लॅम जिंकणारी ती पहिली कृष्णवर्णीय व्यक्ती. इंग्लंडच्या राणीने तिच्या हातात बक्षीस दिले. न्यूयॉर्कने तिची मिरवणूक काढली.

आणि पैसे? शून्य! त्या काळी मोठ्या स्पर्धा फक्त 'हौशी' खेळाडूंसाठी होत्या. खेळावर पोट भरणे हलके समजले जाई. हा नियम कोणी केला? ज्यांचे पोट आधीच भरलेले होते त्यांनी. ज्याला कष्ट करावे लागतात तो हलका आणि जो कष्टाविना राहतो तो थोर, ही कल्पना आपल्याला मनुस्मृतीमुळे चांगलीच परिचित आहे. अल्थियाने १९५८ नंतर हौशी टेनिस सोडले. बास्केटबॉलच्या सामन्यांआधी प्रदर्शनीय टेनिस खेळून चार पैसे मिळवावे लागले. पुढे ती व्यावसायिक गोल्फमध्येही पहिली कृष्णवर्णीय स्त्री ठरली. म्हातारपणी आजाराने आणि गरिबीने ती खचली, तेव्हा मदतीला धावली ती अँजेला बक्स्टन, तिची जुनी दुहेरीची जोडीदार. अँजेला ज्यू होती, तिलाही क्लबांनी नाकारले होते. नाकारलेल्या दोघींनी १९५६ साली विम्बल्डनची दुहेरी जिंकली होती. २००३ मध्ये अल्थिया गेली.

मोठ्या टेनिस स्पर्धा १९६८ साली व्यावसायिकांना खुल्या झाल्या. त्या वर्षी विम्बल्डनच्या पुरुष विजेत्याला २,००० पौंड आणि स्त्रीला ७५० पौंड मिळाले. १९७० मध्ये बिली जीन किंगसह नऊ स्त्रियांनी बंड करून स्वतःची स्पर्धा उभी केली, १९७३ मध्ये आपली संघटना बांधली. विम्बल्डनने समान बक्षीस द्यायला २००७ साल उजाडले. सानियाला खेळावर जगता आले, त्यामागे या सगळ्या बायांचा लढा आहे. शिका, संघटित व्हा, संघर्ष करा हा मंत्र त्यांनी ऐकला नसेल, पण वाट तीच धरली.

आणखी एक. अल्थियानंतर पुढच्या आफ्रिकन-अमेरिकन स्त्रीने, म्हणजे सेरेना विल्यम्सने, ग्रँड स्लॅमची एकेरी जिंकली ती १९९९ साली. मध्ये ४१ वर्षे गेली. एक जण वर पोहोचला म्हणून मागच्यांसाठी शिडी आपोआप लागत नाही. 'तुमच्यातली एक पोहोचली ना, आता अडचण काय?' असे आपल्यालाही नेहमी ऐकवले जाते. त्याला हे उत्तर आहे.

बार्शीटाकळीत काय करायचे?

आता नजर घराकडे वळवू. बार्शीटाकळी म्हणजे अकोल्यापासून हाकेच्या अंतरावर, विद्रुपा नदीच्या काठचे तालुक्याचे गाव. मुस्लिम, बौद्ध, ओबीसी अशा कष्टकरी समाजांची इथे एकमेकांना लागून वस्ती आहे. याच जिल्ह्यात या समाजांना एकत्र बांधून 'अकोला पॅटर्न'चे राजकारण उभे राहिले आणि सत्तेपर्यंत गेले. याच तालुक्यातल्या महानच्या धरणाचे पाणी अकोला शहर पिते. तालुक्याचे पाणी शहराला जाते, पण शहरातले क्रीडांगण तालुक्याच्या मुलीपर्यंत येत नाही.

संविधानाचे कलम १५ आपण सगळे तोंडपाठ म्हणतो. त्याच्या दुसऱ्या पोटकलमात विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते यांच्या बरोबरीने सरकारी पैशातून चालणाऱ्या सार्वजनिक राबत्याच्या जागा हे शब्द आहेत. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान या कारणांवरून तिथे कोणालाही अडवता येणार नाही. सरकारी खर्चाचे क्रीडांगण ही सार्वजनिक राबत्याची जागा नाही तर काय आहे? चवदार तळे हे पाण्यापुरते नव्हते. जे सर्वांचे आहे ते सर्वांना खुले झाले पाहिजे, हा त्याचा अर्थ होता. तळ्यावर पाटी नव्हती, पण कुलूप होते, ते मनातले. आजच्या मैदानावरही पाटी नसते. मुलगी तिथे गेली की टोळकी शिट्या मारतात, स्वच्छतागृह नसते, अंधार पडला की दिवा नसतो, शिकवणारे कोणी नसते. मग कोणी न अडवताही ती आपोआप अडते. यालाही आम्ही बंदीच म्हणतो.

राज्य सरकारने 'तालुका तिथे क्रीडा संकुल' हे धोरण घेतल्याला वीस वर्षांहून अधिक काळ लोटला. तेव्हा प्रत्येक तालुक्यातल्या कार्यकर्त्यांनी साधे प्रश्न विचारावेत. आपल्या संकुलासाठी निधी किती आला, किती खर्च झाला? पहाटे सहाला त्याचे कुलूप कोण उघडतो? मुलींसाठी राखीव वेळ आहे का? महिला प्रशिक्षक आहे का? जिल्हा परिषदेच्या किती शाळांना स्वतःचे मैदान आहे आणि त्यावर अतिक्रमण कोणाचे आहे? माहितीच्या अधिकारात अर्ज करायला फार पैसे लागत नाहीत. जिल्हा नियोजन समितीत आपले प्रतिनिधी बसतात, त्यांना जाब विचारायला तर काहीच लागत नाही.

अकोल्याच्या मुलांनी बॉक्सिंगमध्ये नाव काढले, कारण सराव करायला जागा होती आणि शिकवणारा होता. अमरावतीत १९१४ पासून हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभे आहे, म्हणून तिथून खेळाडू आणि शिक्षक घडत राहिले. संस्था असली की माणसे घडतात. वऱ्हाडच्या मातीत कस आहे की नाही हा प्रश्नच नाही. प्रश्न मातीवर हक्क कोणाचा हा आहे.

सरकारला जाब विचारताना आपण आपल्यालाही काही विचारले पाहिजे. हार्लेमच्या वस्तीने एका मुलीच्या क्लबसाठी वर्गणी काढली. आपण वर्गणी कशासाठी काढतो? जयंतीच्या डीजेला लाखाचा आकडा सहज गाठला जातो. त्यातले दहा हजार दरवर्षी वस्तीतल्या दोन मुलींच्या बुटांवर, चेंडूंवर, स्पर्धेच्या प्रवासावर खर्च झाले तर महामानवाचे स्मरण कमी होईल का? मुलगी वयात आली की तिचे मैदान बंद होते, ते बौद्ध वस्तीतही होते आणि मुस्लिम मोहल्ल्यातही होते. २० जुलै १९४२ च्या नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी सांगितले, की कोणत्याही समाजाची प्रगती आपण त्या समाजातल्या स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतो. ही मोजपट्टी दुसऱ्यांच्या समाजाला लावायची आणि आपल्या घराला वगळायचे, असे चालणार नाही.

आणि जी मुलगी पुढे जाईल, तिच्यामागे उभे राहण्याची तयारीही हवी. जुलै २०२१ मध्ये टोकियो ऑलिम्पिकमध्ये वंदना कटारिया या दलित मुलीने हॉकीत हॅटट्रिक केली. ऑलिम्पिकमध्ये हॅटट्रिक करणारी ती पहिली भारतीय स्त्री. उपांत्य सामना भारत हरला, तेव्हा हरिद्वारजवळच्या तिच्या घरासमोर जातीयवाद्यांनी फटाके फोडले, जातीवाचक शिव्या दिल्या. जिंकली तर देशाची लेक, हरली तर आपल्या जातीची! सानियाला 'पाकिस्तानची सून' म्हणणारे आणि वंदनाच्या दारात फटाके फोडणारे यांची मानसिकता एकच आहे. म्हणून या दोघींचा प्रश्नही एकच आहे आणि बार्शीटाकळीच्या मोहल्ल्यातल्या मुलीचा आणि भीमनगरातल्या मुलीचाही प्रश्न एकच आहे. त्या दोघी एका जाळीच्या दोन बाजूंना नाहीत, एकाच बाजूला आहेत. त्यांनी दुहेरी खेळायची आहे.

सानिया मिर्झाने निवृत्त होण्याआधीच, २०१३ मध्ये, हैदराबादेत टेनिस अकादमी सुरू केली. तिने तिच्या वाटचे काम केले. बार्शीटाकळीतून उद्या विम्बल्डनचा विजेता निघेल, असे भाबडे आश्वासन आम्ही देणार नाही. विम्बल्डन हे आमचे साध्य नाही. आठवी-नववीत शिकणारी एक मुलगी संध्याकाळी सहा वाजता रॅकेट घेऊन, चेंडू घेऊन किंवा नुसती धावायला म्हणून घराबाहेर पडते आणि तिला कोणी कुठे चाललीस असे विचारत नाही, एवढे जरी झाले तरी ती क्रांती आहे. चवदार तळ्याचे पाणी एका ओंजळीनेच सुरू झाले होते.

समाजबांधवांनी आणि भगिनींनी येत्या ग्रामसभेत, नगरपंचायतीत, शाळेच्या व्यवस्थापन समितीत मैदानाचा विषय आधी घ्यावा. मैदान मागणे ही भीक नाही, तो हक्क आहे. जय भीम!